प्रार्थनेची वेळ आणि आईला कुशीवर वळवण्याची वेळ

पत्राचा गोषवारा: ठाण्यात राहणाऱ्या एका बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी भाषक यहुदी समाजातल्या) वाचक भगिनीचे हे पत्र आहे. वय ५४, अविवाहित, घराणे मूळचे अलिबागच्या बाजूचे. त्यांच्या ८१ वर्षांच्या आईला तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली, मात्र बोललेले बरेचसे कळत असावे. आईसाठी त्यांनी बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडली. निवृत्तीनंतर हिब्रू नीट शिकायचे, तोराचे (यहुदींच्या मूळ धर्मग्रंथाचे) वाचन करायचे, दर शब्बाथला (शनिवारी, विसाव्याच्या दिवशी) सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनामंदिरात) जायचे असे ठरवले होते. ते सारे राहून गेले. धाकटा भाऊ इस्राएलमध्ये अश्दोदला असतो. तो आठवड्यातून एकदा फोन करतो आणि 'आत्मा पृथ्वीवर का उतरतो' यावरचे लेख पाठवतो. शेजारणीबरोबर त्या एकदा प्रवचनाला गेल्या, तिथे देह हा पिंजरा आहे असे ऐकले आणि ते मनात रुतून बसले. त्या लिहितात, 'सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्या हातांत फक्त देह असतो. भरवणे, पुसणे, डायपर, पावडर, पुन्हा भरवणे. प्रार्थनेचे पुस्तक उघडले की आई कण्हते. शुद्ध आत्मा देवाने या मातीत का अडकवला? मी गेल्यावर माझ्या आत्म्याजवळ दाखवायला काय असेल?' पुढे, बऱ्याच खाडाखोडीनंतर, 'कधी कधी रात्री वाटते, आई सुटावी. हे पाप आहे का?' आणि ताज्या कलमात, 'आईजवळ बसून बराखा (देवाच्या स्तुतीची छोटी वचने) म्हटल्या तर चालतील का? माझे हिब्रू अडखळते. मराठीत म्हटल्या तर?'

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना 'अडकवला' या एका शब्दापाशी थांबले. प्रश्न तुमचा आहे, पण हा शब्द त्या प्रवचनातून तुमच्याबरोबर घरी आला असावा. देहाला पिंजरा म्हणणाऱ्या परंपरेची स्वतःची खोली आहे, मराठी माणूस त्या भाषेत लहानपणापासून वाढतो आणि बेने इस्राएलांच्या घरांतही तीच मराठी बोलली जाते, त्यामुळे तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु तुम्हाला उत्तर आपल्या धर्मग्रंथांतून हवे आहे, आणि तोराच्या पहिल्या पानांवर पिंजरा कुठे आढळत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव 'अदामा' म्हणजे जमीन, तिच्या धुळीतून 'आदाम' घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो, आणि वचन सांगते की माणूस 'नेफेश हय्या', जिवंत जीव, झाला. माणसाला नेफेश मिळाला असे तिथे म्हटलेले नाही, माणूस नेफेश झाला असे म्हटले आहे. बायबलच्या हिब्रूत हा शब्द श्वासासाठी येतो, गळ्यासाठी येतो, जिवासाठी येतो आणि अख्ख्या माणसासाठीही येतो. पक्षी वेगळा आणि गजांचे घर वेगळे, अशी विभागणी त्या शब्दात मुळात बसतच नाही.

पुढच्या काळातल्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, आत्मा आणि देह असे दोन शब्द वेगवेगळे वापरले, हे खरे. पण त्यांनी ते कसे वापरले ते पाहा. तालमूद हा रब्बींच्या चर्चांचा मोठा संग्रह; त्याच्या सान्हेद्रीन खंडात एक दृष्टांत आहे. एका राजाच्या बागेत अंजिरे पिकली होती आणि राखणीला दोन माणसे बसवली होती, एक पांगळा, एक आंधळा. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसला आणि दोघांनी अंजिरे खाल्ली. राजाने विचारले तेव्हा पांगळा म्हणाला, मला पाय कुठे आहेत? आंधळा म्हणाला, मला डोळे कुठे आहेत? राजाने पांगळ्याला आंधळ्याच्या खांद्यावर बसवले आणि दोघांचा एकच न्याय केला. शेवटच्या हिशेबात आत्मा म्हणेल की पाप देहाचे, देह म्हणेल की मी तर दगडासारखा पडून होतो. देव दोघांना पुन्हा एकत्र करील, असे रब्बी सांगतात. पापाचा हिशेब असा एकत्र होत असेल तर पुण्याचाही एकत्रच व्हायला हवा. 'माझ्या आत्म्याजवळ दाखवायला काय असेल' असे तुम्ही विचारता, तेव्हा तुमचे हात काय करत होते ते बाजूला ठेवून आत्म्याची वेगळी वही उघडता येत नाही.

तालमूदच्या बराखोत खंडातले ६०ब हे पान तुमच्या पत्रासाठीच राखून ठेवले असावे असे मला वाटले. सकाळच्या प्रार्थनेत 'एलोहाय नेशामा' येते, 'माझ्या देवा, तू मला दिलेला आत्मा शुद्ध आहे'; तिचे मूळ या पानावर आहे. आणि त्याच पानावर, काही ओळींच्या अंतराने, शौचाहून आल्यावर म्हणायची बराखा आहे, 'अशेर यात्झार'. तिचा आशय असा: ज्याने माणसाला शहाणपणाने घडवले, त्याच्यात छिद्रे आणि पोकळ्या निर्माण केल्या, त्यांतले एक जरी फुटले किंवा एक जरी तुंबले, तर तुझ्यासमोर उभे राहणे शक्य होणार नाही. तुमच्या दिवसातल्या ज्या कामाला तुम्ही प्रार्थनेचा अडथळा म्हणता, ते काम या परंपरेत प्रार्थनेचा विषय आहे. बद्धकोष्ठ झालेल्या रुग्णाची तीन दिवस सेवा करून चौथ्या दिवशी डायपर भरलेला पाहिल्यावर जो सुटकेचा श्वास आपण टाकतो, त्याला शब्द द्यायचे झाले तर याहून वेगळे शब्द सुचणार नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येते: शुद्ध आत्म्याला मातीची गरज काय? शब्बात खंडातली एक गोष्ट मला यासाठी सर्वांत जवळची वाटते. मोशे तोरा घ्यायला वर गेला, तेव्हा देवदूतांनी देवापुढे तक्रार केली, स्त्रीच्या पोटी जन्मलेला हा आपल्यामध्ये काय करतो आहे? इतका जपून ठेवलेला ठेवा मातीच्या माणसाला कशाला द्यायचा? देव मोशेला म्हणाला, यांना तू उत्तर दे. मोशेने दहा आज्ञांमधली एकेक आज्ञा काढून देवदूतांना विचारले. तुम्ही मिसर देशात गुलाम होता का? तुम्ही कष्टाचे काम करता का, की तुम्हाला सातव्या दिवशी विसावा हवा? तुमच्यात मत्सर आहे का? तुम्हाला आईबाप आहेत का, की तुम्ही त्यांचा मान राखावा? देवदूतांकडे उत्तर नव्हते. तोरा खाली आली, कारण ती ज्यांच्यासाठी लिहिली होती त्यांना पाठ होती, पोट होते, भांडण होते आणि म्हातारी आई होती. देवदूताला कुणाच्या हनुवटीवर ओघळलेली पेज पुसता येत नाही.

तुमच्या भावाने पाठवलेल्या लेखांत बहुधा दोन कल्पना असतील, कारण या विषयावर सहसा त्याच सांगितल्या जातात. पहिली मोशे हाईम लुझ्झातो (१७०७ ते १७४६) यांच्या लेखनामुळे सर्वत्र गेली. ते इटलीतल्या पादुआचे. देवाला आपले चांगुलपण कुणाला तरी द्यायचे होते. पण आयते मिळालेले खाणाऱ्याला देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची लाज वाटते, म्हणून जिथे चूक करता येते आणि निवडही करता येते असे जग त्याने निर्माण केले, म्हणजे आत्म्याला आपली भाकर कमावून खाता येईल. या आयत्या भाकरीला 'लाजेची भाकर' म्हणतात. दुसरी कल्पना हसीदी या भक्तिमार्गी यहुदी पंथाची. लियादीचे श्नेऊर झाल्मान यांचा 'तान्या' हा ग्रंथ १७९६ मध्ये निघाला. त्यात एका जुन्या मिद्राशच्या (रब्बींनी केलेल्या धर्मग्रंथाच्या विवरणाच्या) आधाराने ते म्हणतात की सर्वांत खालच्या जगात, जिथे देव सहज दिसत नाही अशा जड वस्तूंच्या जगात, आपले घर असावे अशी देवाला इच्छा झाली. वरच्या लोकांत प्रकाश होताच. घर बांधायचे होते ते इथे, चामडे, लोकर, पीठ आणि पाणी यांच्यात. म्हणून त्यांच्या मते सर्वांत मोठी कामे हातांनी करायची असतात. नुसत्या ध्यानाने तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी बांधायची, आत तोराची वचने असलेली चामड्याची पेटी) दंडाला बांधली जात नाही आणि गरिबाच्या हातात नाणे पडत नाही.

दोन्हींत मला दुसरी अधिक मोलाची वाटते, आणि पहिलीबद्दल एक तक्रार नोंदवते. 'लाजेची भाकर' हे जग का आहे याचे सुरेख उत्तर आहे. परंतु तीन वर्षे रात्रीची झोप मोडलेल्या बहिणीला तिच्या भावाने ते व्हॉट्सॲपवर पाठवले, तर ते 'ताई, तू कमावते आहेस, चालू दे' असे ऐकू येते. धर्मविचाराची ही एक जुनी खोड आहे की जो माणूस राबत नाही तो राबणाऱ्याच्या श्रमाला पवित्र ठरवून मोकळा होतो. एकोणिसाव्या शतकातले लिथुआनियाचे रब्बी इस्राएल सलांतेर यांच्या नावावर एक वचन सांगितले जाते: दुसऱ्याच्या देहाची गरज ही माझ्या आत्म्याची जबाबदारी आहे. ते वचन तुमच्या भावालाही लागू आहे. आईचा देह तर आहेच, पण आता तुमचा देह ही त्याच्या आत्म्याची जबाबदारी आहे. त्याविषयी पुढे लिहिते.

त्याआधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, म्हणजे मी तुम्हाला फक्त गोड बाजू दाखवली असे होणार नाही. यहुदी विचार या बाबतीत एकमुखी नाही. पिर्के आवोत या रब्बींच्या सुवचनांच्या संग्रहात हे जग म्हणजे येणाऱ्या जगाची ओसरी आहे, ओसरीत नीटनेटके व्हा म्हणजे आत जाता येईल, असे म्हटले आहे. मध्ययुगातले थोर यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदीस (११३८ ते १२०४) यांच्या मते येणाऱ्या जगात देह नसतोच, तिथे खाणे नाही की पिणे नाही. त्यांच्यानंतरचे रब्बी नहमानिदीस यांना ते पटले नाही, त्यांच्या मते शेवटीही देह आणि आत्मा बरोबरच राहतात. तालमूदच्या एरुविन खंडात तर शम्माय आणि हिल्लेल या दोन प्राचीन गुरूंच्या शिष्यांनी अडीच वर्षे वाद घातला की माणूस निर्माण झाला हे बरे झाले की न होता तर बरे झाले असते. शेवटी मत घेतले आणि निकाल लागला: न होता तर अधिक बरे झाले असते, पण आता झालाच आहे तर त्याने आपली कृत्ये तपासून पाहावीत. मला हा निकाल निराशेचा कधी वाटला नाही. अडीच वर्षे भांडून दमलेली माणसे शेवटी 'आता पुढचे काम काय' एवढेच विचारतात, यात मला आपल्या कोकणातल्या म्हाताऱ्यांचा आवाज ऐकू येतो. आणि पिर्के आवोतमध्येच, ओसरीच्या वचनाला लागून, दोन तोंडांचे एक वाक्य आहे: येणाऱ्या जगातला समाधानाचा एक तास या जगाच्या सगळ्या आयुष्यापेक्षा सुंदर, पण या जगात पश्चात्ताप आणि सत्कृत्ये यांत घालवलेला एक तास येणाऱ्या जगाच्या सगळ्या आयुष्यापेक्षा सुंदर. शांतता तिकडे आहे, काम फक्त इकडे आहे.

तुमची दुसरी धारणा अशी दिसते की आईच्या सेवेला गेलेला वेळ हा देवाच्या खात्यातून चोरलेला वेळ आहे. इथे मी तुमच्याशी सौम्यपणे वाद घालणार आहे. 'आईबापांचा मान राख' ही आज्ञा प्रत्यक्षात काय करून पाळायची, हे किद्दुशिन खंडात विचारले आहे. उत्तरात एकही भावना नाही, सगळी क्रियापदे आहेत: भरवावे, पाजावे, कपडे घालावेत, पांघरावे, आत आणावे, बाहेर न्यावे. तुमच्या पत्रातली यादी याच यादीची आजची आवृत्ती आहे. त्याच ठिकाणी रब्बी तार्फोन आपल्या आईला पलंगावर चढता यावे म्हणून वाकून पाठीची पायरी करत असत असे सांगितले आहे, आणि रब्बी योसेफ आईच्या पावलांचा आवाज ऐकला की 'शेखिना येते आहे, तिच्यासाठी उठतो' असे म्हणत. शेखिना म्हणजे देवाचे सान्निध्य. नदारीम खंडात रब्बी अकिवांचा एक शिष्य आजारी पडला तेव्हा कुणी त्याला भेटायला गेले नाही. अकिवा स्वतः गेले आणि त्याची खोली झाडून तिथे पाणी शिंपडले गेले. शिष्य बरा झाला आणि म्हणाला, गुरुजी, तुम्ही मला जगवले. तुमचे पत्र वाचताना मला त्या खोलीतला केरसुणीचा आवाज येत होता.

बेने इस्राएल म्हणून तर हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असायला हवे. कोकणात आपले पूर्वज शतकानुशतके राहिले, तेल गाळत राहिले. त्यांच्याजवळ तालमूद नव्हता, हिब्रू जवळजवळ विसरली होती, देव एकच आहे असे सांगणाऱ्या शेमा या प्रार्थनेचे शब्द तेवढे ओठांवर उरले होते. तरी ते उरले, ते कशामुळे? शनिवारी घाणा बंद राही, म्हणून लोकांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. आणि समाजात सांगितली जाणारी गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल: दावीद राहाबी नावाचे यहुदी धर्मशिक्षक बाहेरून आले तेव्हा या लोकांची पारख करण्यासाठी त्यांनी घरातल्या बायांना मासे रांधायला दिले, आणि बायांनी पर आणि खवले असलेले तेवढे वेगळे काढून बाकीचे परत केले. ग्रंथ हरवले होते, पण विळीपाशी बसलेल्या बायकांच्या बोटांना तोरा ठाऊक होती. आजही मलिद्याचे ताट समोर आले की तेच घडते. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, वर फळे; आणि एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाचे, नाव घेऊन झाले की झाडाच्या फळाची बराखा वेगळी, जमिनीच्या उपजाची वेगळी. केळे जमिनीच्या बाजूला मोजतात, कारण केळीला खरे खोड नसते. देव इतक्या बारकाईने फळाकडे बघायला सांगतो, ही मला लहानपणी गंमत वाटे. आता वाटते की देहाच्या जगाकडे लक्ष देण्याचा यापेक्षा चांगला अभ्यास नाही. आत्म्यासाठी वेगळी खोली लागते, ही समजूत या ताटासमोर टिकत नाही.

एवढे लिहून मी थांबले तर मीही तुमच्या भावाच्या पंगतीत बसेन. 'सेवा हीच प्रार्थना' असे सांगून तुमचे दमणे पुसून टाकता येणार नाही. तुम्ही हिब्रू शिकणार होता, ते राहिले. ते दुःख खरे आहे आणि त्याला नाव द्यायला हवे. शिवाय देह पवित्र आहे हे तत्त्व आईच्या देहापुरते मर्यादित नाही. हिल्लेल एकदा शिष्यांबरोबर चालत होते आणि वाटेत वेगळे वळले. शिष्यांनी विचारले, कुठे? ते म्हणाले, एक मित्झ्वा (देवाने सांगितलेले कर्तव्य) करायला, न्हाणीघरात अंघोळीला. राजाचे पुतळे धुणाऱ्या माणसाला पगार मिळतो आणि मान मिळतो. मी तर देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे. मैमोनिदीस, जे स्वतः वैद्य होते, आपल्या धर्मसंहितेत झोप, आहार आणि व्यायाम यांवर एक अख्खा अध्याय लिहितात, कारण आजारी देहाने देवाला जाणणे त्यांना अशक्य वाटते. उपासतापास करून देहाला शिणवणाऱ्या माणसाला ते चुकीच्या वाटेवर गेलेला म्हणतात. ताई, तुमची पाठ दुखते हे तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे, 'ते जाऊ द्या' असेही लिहिले आहे. मला ते जाऊ देता येत नाही.

म्हणून आता काही व्यवहाराचे. दिवसातून काही तास तरी मदतीला कुणी येणे आवश्यक आहे, निदान आईला अंघोळ घालण्याच्या वेळी आणि एक संपूर्ण रात्र, आठवड्यातून एकदा. 'परक्या बाईच्या हाती आईला कसे देऊ' हा तुमचा संकोच मैमोनिदीसांनी ऐकलेला आहे. ते लिहितात की आईबापांची मती बिघडली असेल तर मुलाने त्यांच्या कलाने घ्यावे, आणि अगदीच सोसवेनासे झाले तर दूर व्हावे व योग्य काळजी घेण्यास दुसऱ्यांना सांगावे. यावर प्रोव्हान्सचे रब्बी अव्राहाम बेन दावीद यांनी तिथल्या तिथे टीका केली: हा गेला तर सांभाळायला सांगणार कुणाला? दोघांच्या वादात तुमच्यासाठी वाट आहे. मदत घेण्याची मुभा आहे, आणि ती मदत विश्वासाची आहे ना हे पाहणे हेही सेवेतच मोडते. पहिले काही दिवस त्या मावशींबरोबर स्वतः उभे राहा. आईला कुठला हात धरलेला चालतो, पेज किती पातळ लागते, ते दाखवा. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून रुग्णाला कुशीवर वळवायची आणि उचलायची रीत शिकून घ्या, कारण चुकीच्या रीतीने उचलून सेवा करणाऱ्याची कंबर जाते. दर दोन तासांनी कूस बदलणे तुम्ही पाळताच. हवेची गादी नसेल तर ती घ्या, शय्याव्रणाचा धोका कमी होईल.

पैशांविषयी. आईच्या सेवेचा खर्च आईच्या स्वतःच्या पैशातून करायचा, हा तालमूदमधला निर्णय आहे. तिची ठेव तिच्यासाठी मोडताना 'आईचे खाते आहे' म्हणून हात आखडू नका. ते पुरत नसेल तर भार मुलांवर येतो, आणि तो ऐपतीप्रमाणे वाटून घ्यायचा असतो. तुम्ही नोकरी सोडून आपला वाटा केव्हाच भरला आहे. भावाला पुढच्या फोनवर आकडा सांगा, 'जमेल तेवढे पाठव' असे मोघम सांगू नका. मावशींचा महिन्याचा पगार किती, डायपरचे किती, औषधांचे किती. शिवाय त्याने वर्षातून एकदा तीन आठवडे येऊन आईजवळ राहावे आणि तुम्ही तेव्हा घराबाहेर असावे, हेही सांगा. भावंडांतला एकजण दूर आणि एकजण जवळ असलेल्या प्रत्येक घराला, मग ते कुठल्याही धर्माचे असो, मी हेच सांगत आले आहे: दूर असलेल्याला तपशील कळत नाहीत, आणि जवळ असलेला ते सांगत नाही.

आता त्या खाडाखोडीबद्दल. तुम्ही एकट्याच असे वाटून घेणाऱ्या नाही, आणि आपल्या ग्रंथांनी यावर मौनही पाळलेले नाही. मिश्ना, म्हणजे तालमूदचा मूळ भाग, संपादित करणारे रब्बी येहुदा हानासी मरणाच्या दारात होते. शिष्यांनी उपवास केले, अखंड प्रार्थना चालवली. घरातली दासी माडीवर गेली आणि आधी तिनेही प्रार्थना केली की खालची माणसे वर स्वर्गातल्यांवर मात करोत, म्हणजे रब्बी जगोत. मग तिने पाहिले की पोटाच्या विकाराने त्यांना पुन्हा पुन्हा शौचाला जावे लागते, प्रत्येक वेळी तेफिलीन काढावी लागते आणि पुन्हा घालावी लागते, आणि त्यात त्यांचे किती हाल होतात. तिने प्रार्थना बदलली: वरची मात करोत. शिष्य थांबेनात, तेव्हा तिने माडीवरून एक मडके खाली टाकले. आवाजाने ते क्षणभर गप्प झाले, आणि रब्बींचा प्राण गेला. कतुबोत खंडात ही गोष्ट आहे, आणि दासीला त्यात एका शब्दानेही दोष दिलेला नाही. चौदाव्या शतकात गेरोनाचे रब्बी निस्सीम यांनी तिच्याच आधाराने लिहिले की रुग्ण फार पिडलेला असेल आणि वाचण्याची आशा नसेल, तर त्याच्यासाठी मृत्यू मागणेही कधी कधी योग्य असते. लक्षात घ्या, जे अंगमेहनतीने सेवा करत होते त्या माणसाला हे दिसले, प्रार्थना करणाऱ्या पंडितांना दिसले नाही.

मागणे आणि घडवून आणणे यांत मात्र हलाखा, म्हणजे यहुदी धर्माची आचारसंहिता, कडक भेद करते, आणि तुम्हीही तो करता, यात मला शंका नाही. मृत्यू जवळ आणणारी कुठलीही कृती तिला मान्य नाही. वेदना कमी करणे पूर्णपणे मान्य आहे. आई कण्हते असे तुम्ही लिहिले आहे, पण कशाने कण्हते ते लिहिले नाही. डॉक्टरांना ते नेमके विचारा: सांध्यांचा आखडलेपणा आहे, लघवीचा दाह आहे, की मलावरोध आहे? वेदना आटोक्यात ठेवणारी उपशामक सेवा शेवटच्या आठवड्यासाठीच असते हा गैरसमज आहे. पक्षाघाताच्या दीर्घकाळच्या रुग्णालाही ती मिळते. माझा अंदाज असा की आईचे कण्हणे कमी झाले तर रात्रीचा तो विचारही तुम्हाला कमी छळेल. तरीही आला, तर त्याला दासीची प्रार्थना समजा आणि झोपा. दिवसेंदिवस काही खावेसे वाटेना, रडू थांबेना, किंवा स्वतःलाच संपवावेसे वाटले, तर तो वेगळा आजार आहे आणि त्यासाठी आईच्या नव्हे, तुमच्या नावाने डॉक्टरांची वेळ घ्यायची.

दरफळणीच्या सणाचा, म्हणजे योम किप्पूरचा (प्रायश्चित्ताच्या दिवसाचा), उपवास आईला या वर्षीही घडायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आजाऱ्याला त्या दिवशी खायला घालणे ही सवलत नसून कर्तव्य आहे, कारण आज्ञा जगण्यासाठी दिलेल्या आहेत, मरण्यासाठी नाहीत. तुमच्या स्वतःच्या उपवासाविषयी आधी डॉक्टरांशी आणि मग सिनेगॉगमधल्या जाणत्यांशी बोला, आणि बोलताना रात्रीचे जागरण लपवू नका.

प्रार्थनेचे पुस्तक दोन महिने मिटून ठेवले तरी चालेल, असे मी सुचवते. शुक्रवारी संध्याकाळी दिवा आईला कुशीवर वळल्यावर दिसेल अशा उंचीवर लावा. काळ्या मनुकांचे सरबत तुम्ही किद्दुशला (शब्बाथच्या स्वागताच्या प्रार्थनेला) करतच असाल. पातळ द्रव तिला ठसका लावत असेल तर पाजू नका, बोट बुडवून तिच्या ओठांना लावा. शनिवारी सकाळी मावशी येणार असतील तर महिन्यातून दोनदा तरी सिनेगॉगला जा, आणि परत येऊन काय वाचले गेले ते आईला सांगा. तोच तुमचा तोराचा वर्ग समजा. श्रोता एकच आहे, पण तो कुठे जात नाही.

ताज्या कलमाचे उत्तर. आईची सफाई करून झाली, हात धुतले, की तिच्या कानाशी अशेर यात्झार म्हणायला काहीच हरकत नाही. ती 'आमेन' म्हणू शकत नाही, डाव्या हाताची बोटे हलवत असेल तर तेवढे पुरे. भाषेबद्दल मिश्नामधल्या सोता खंडात स्पष्ट यादी आहे: शेमा, प्रार्थना, जेवणानंतरचे आभार, हे सारे कोणत्याही भाषेत म्हणता येते. आणि म्हणताना मध्येच ती कण्हली तर शब्द अर्धवट सोडा, तिला वळवा, आणि राहिलेले मग पुरे करा.